धाकटीचे दोनशे बारा

प्रयोगशाळेत तिला सगळे दशांशबाई म्हणायचे. रक्ताच्या रिपोर्टात कुणी टिंबापुढचा आकडा गाळला, की बाई कागद तोंडावर परत फेकायची. "आकडा म्हणजे काय भाजी आहे, अंदाजानं घ्यायला?" वीस वर्षं हेच. डॉक्टरसुद्धा तिला वचकून असत.

घरी मात्र ती थोरली. तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, दोघींनाही हिपॅटायटिस बी जन्मताच आईकडून आलेला. थोरलीनं पथ्य जिवापाड पाळलं. गोळी चुकली नाही, तेलकटाला हात नाही, दहाच्या ठोक्याला अंथरुणात. आणि धाकटी? केस कापायचं दुकान चालवायची, आल्यागेल्याशी खिदळायची, गोळ्या पर्समध्ये विसरायची. दर सहा महिन्यांनी दोघी एकाच बाकावर बसून रक्त द्यायच्या आणि रिपोर्ट ठरलेला: विषाणू आहे, अँटीबॉडी शून्य. विषाणू गेला आणि अँटीबॉडी दहाच्या वर चढली की सुटलात. पण जन्मापासून ज्यांना आहे, त्यांच्यात वर्षाकाठी शंभरात एखाद्याच्याच नशिबी ते येतं. "शून्य अधिक शून्य!" धाकटी हसायची. ते ऐकून थोरलीला बरं वाटायचं.

यंदा धाकटीच्या नळीत विषाणू सापडलाच नाही. अँटीबॉडी दोनशे बारा पूर्णांक सहा!

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, न्याय आहे की चेष्टा? पथ्य हिनं पाळायचं आणि फळ तिला! तिनं तपासणी पुन्हा लावली. तेच. नवं किट फोडून तिसऱ्यांदा लावली. तेच. शेजारीच तिची स्वतःची नळी, शून्यावर. तिनं रिपोर्ट हातानं लिहिला, पण सही होईना. आणि सहीशिवाय कागद बाहेर जात नाही. धाकटीचा रोज फोन. "आला का गं?" "मशीन बिघडलंय." आठ दिवस ते धडधाकट मशीन बिघडलेलं राहिलं.

नवव्या दिवशी धाकटी स्वतःच प्रयोगशाळेच्या दारात उभी. थोरलीनं कागद सरकवला. धाकटीनं तो वाचला, खुर्चीत बसली आणि सरळ बाही वर केली.

"परत काढ रक्त. चुकलं असणार. तुला सोडून मला एकटीलाच बरं कसं होईल?"

"नाही चुकलं. तीनदा केलीय तपासणी."

"माझ्यासाठी तीनदा? किती काळजी करशील गं तायडे!"

हे मात्र थोरलीला सोसवेना. "काळजी कसली डोंबलाची! चुकलेलं निघावं म्हणून केली. आठ दिवस दडवून ठेवलं. जळले मी, जळले!"

धाकटीनं बाही खाली ओढली. मग म्हणाली, "मी तुझ्या जागी असते ना, तर दहादा केली असती. आणि महिनाभर दडवलं असतं." म्हणता म्हणता ती रडायला लागली.

थोरलीला काही रडू आलं नाही. पोटातली जळजळही गेली नव्हती, खोटं कशाला सांगू? पण तिनं कागद परत ओढला. त्यावर नुसतंच २१२ लिहिलेलं होतं. टिंबापुढचा सहा तिनंच खाल्ला होता. दशांशबाईनं टिंब दिलं, सहा लिहिला आणि खाली सही केली.