ग्यानबाची गाडी आणि माळावरची काळविटं

ग्यानबा मेल्याची आवई मी स्वतः वाशीच्या बाजारात दोनदा उठवली होती. एकदा तर थेट त्याच्या सासऱ्याला गाठून. म्हातारा रडत लेकीच्या घरी पोचला, तर जावई ओसरीवर दुधात भाकरी कुस्करत बसलेला. म्हणून गेल्या महिन्यात खरी बातमी आली तेव्हा सगळे माझ्याकडंच बघायला लागले. ''दस्तगीरभाई, ही तुमचीच का?'' मी म्हणालो, ''न्हाय, या वेळी माझी न्हाय...'' तरी निम्म्या लोकांनी मिरच्या निवडणं थांबवलं नाही.

आमची शेतं बांधाला बांध लागून. निजामाच्या राज्यात ती जहागीरदाराची होती, आम्ही कसणारे. ग्यानबाची बैलगाडी अशी कुरकुरायची, की आवाज ऐकून तिकडं बार्शीच्या हद्दीत इंग्रजांचा शिपाई बंदूक सावरायचा. हे मी तेव्हापासून सांगत आलोय आणि बार्शीच्या कुणी अजून खोडून काढलेलं नाही. माळावरच्या काळविटांना मात्र त्या आवाजाची सवय होती. मोटारीची धूळ दिसली की ती अशी उधळत, की सावल्या मागं राहत. ग्यानबाची गाडी आली की मान वर करून बघत आणि पुन्हा चरायला लागत. ग्यानबा काही माळकरी नव्हता. पारध्यानं आणून दिलेला ससा मिटक्या मारत खायचा. पण कळप गाडीशेजारून जायला लागला की उगाच घसा खाकरून बैलांना हळू घ्यायचा. पाव्हणे आलेत म्हणायचा.

मग जहागीरदाराकडं एक खराच पाहुणा आला, शिकारीला. पायी जाऊन काळवीट टप्प्यात येईना, तेव्हा कुणीतरी ग्यानबाच्या गाडीचं नाव सांगितलं. गाडीत कडबा भरायचा, पाहुण्यानं कडब्याआड दडायचं आणि ग्यानबानं गाडी कळपाला भिडवायची. नाही म्हणायची सोय नव्हती, पुढची पेरणी त्याच जमिनीत करायची होती. ग्यानबा मला पाहुण्याकडं घेऊन गेला. ''दस्तग्या, तुझी उर्दू चांगली. सांग त्यास्नी, खायला पायजे असंल तर पारध्याकडनं आणून देतो. पण ती जनावरं माझ्या गाडीला भ्येत न्हाईत. माझ्या गाडीतनं नको.''

मी सांगितलं. पाहुणा म्हणाला, खायचं कोण म्हणतंय, शिंगं दिवाणखान्यात लावायची आहेत, शौक आहे. तेव्हा मी ठेवणीतली थाप काढली. म्हटलं, हुजूर, तो काळा नर पिराचा मुरीद, चेला आहे, दर जुमेरातीला, गुरुवारी, दर्ग्यासमोर गुडघे टेकतो, त्याच्यावर रोखली तर बंदुकीची नळी वाकडी होते. पाहुणा मनापासून हसला. ''मियाँ, आज जुमेरात थोडीच है.''

ग्यानबानं मात्र रात्रीतून आपली अक्कल चालवली होती. कुरकुर नसली तर जनावरं गाडी ओळखणार नाहीत, म्हणून चाकांच्या आखात एरंडेल ओतून ठेवलं होतं. सकाळी गाडी मुक्यानं माळावर आली. कळपानं माना वर केल्या, कान टवकारले आणि उड्या घेत तो पार टेकाडापाशी गेला. ग्यानबानं माझ्याकडं बघितलं. मी हसू मिशीत दाबलं. पण पाहुणा मुरलेला शिकारी होता. गाडी काल गावभर ओरडत होती, आज गप्प का, असं विचारून त्यानं चाकं काढायला लावली, आख पुसून त्यावर राख चोळायला लावली. ग्यानबानंच चोळली.

गाडी पुन्हा कुरकुरायला लागली, आणि टेकाडापाशी गेलेला कळप थांबला. वळला... आवाज ओळखून परत आला. तो काळा नर सगळ्यांत पुढं होता. कडब्यातून बार निघाला तेव्हा तो गाडीकडंच बघत होता.

मी सुरी घेऊन धावलो. म्हटलं, धुगधुगी आहे तोवर हलाल करू, गावाच्या पोटात तरी जाईल. पाहुण्यानं मला हातानं थोपवलं. मानेला चीर पडली की मुंडकं बिघडतं म्हणे. आम्ही उभे राहिलो. नराचा जीव जायला बराच वेळ लागला.

''दस्तग्या, ती मला बघून आली रं,'' ग्यानबा म्हणाला. मी कोरडीच सुरी परत कमरेला खोचली. पोटासाठी मारणारे मी लई बघितले. मारून झाल्यावर ते त्या जनावराचं काहीतरी लागत असल्यासारखे वागतात. मुंडकं तेवढं घेऊन, धड तिथंच सोडून पाहुण्याची मोटार निघून गेली.

त्यानंतर ती कुरकुर ऐकली की कळप क्षितिजापार व्हायचा. मग ग्यानबा माळाच्या तोंडाशी बाभळीखाली गाडी सोडायचा आणि बी, खत, कडबा, सगळं डोक्यावरून न्यायचा. पुढं निजाम गेला, जहागीर गेली, काळविटंही दिसेनाशी झाली. तरी ग्यानबा बाभळीखाली उतरायचा थांबला नाही.

परवा मी त्याच्या थोरल्याबरोबर ट्रॅक्टरवर शेताकडं निघालो. बाभळीपाशी त्यानं इंजिन बंद केलं आणि खताचं पोतं डोक्यावर घेतलं. वाट चांगली रुंद होती.

''का रे, इथं का थांबवलंस?''

''काय म्हाईत चाचा. अण्णा इथंच उतरायचे.''

समोर सगळा माळ मोकळा पडला होता. पोरगं तरी पाय न वाजवता चाललं होतं.