शेवटच्या चार ओळी

लॉकडाऊन लागला आणि मुलाच्या परदेशातल्या, पॉइंट कुकच्या घरात नात दिवसभर माझ्यासमोर बसू लागली. तिची युनिव्हर्सिटी ऑनलाइन. विषय काय, तर सत्तरच्या दशकातल्या बंडखोर मासिकांमधली सिनेपरीक्षणं. माझा नवरा मुंबईत असताना तसल्याच एका मासिकात लिहायचा. अंक माझ्या ट्रंकेत होते. नातीला मराठी वाचता येत नाही. मी वाचायचं, तिने इंग्रजीत टाइप करायचं.

वाचताना जुनी चीड वर आली. पाच दाढीवाले, आमच्या दोन खोल्यांत माझाच चहा पिऊन जगाला शिव्या देणारे. नवरा तर न बघितलेल्या परदेशी सिनेमावर तीन-तीन पानं लिहायचा. मी चौथी शिकलेली, पण अक्षर चांगलं. म्हणून छपाईसाठी स्टेन्सिलच्या मेणकागदावर लोखंडी लेखणीने अख्खा अंक मीच कोरायची.

एकदा शेवटच्या पानावर चार ओळींची जागा उरली. नवरा म्हणाला, "नक्षी काढ काहीतरी." मी नक्षी काढली नाही. शेजारणीबरोबर बघितलेल्या सिनेमाबद्दल लिहिलं: 'नायिका तीन तास चुलीपुढे, पण पदराला हळदीचा एक डाग नाही. हिच्या घरचे जेवतात तरी काय?'

अंक निघाला. त्या चार ओळींसाठी दाढीवाल्यांनी नवऱ्याची पाठ थोपटली. त्याने थोपटून घेतली. पुढच्या अंकापासून तो पान पुरेपूर भरून लिहायला लागला.

त्या ओळी ऐकून नात उडालीच. "ओ माय गॉड, आजी! आजोबा असले भारी होते? माझा पूर्ण एसे यावरच!"

"त्या ओळी माझ्या आहेत."

ती हसली. "कमॉन, आजी. प्रूफ?"

प्रूफ कुठून आणू? सगळाच अंक माझ्या अक्षरात.

मुलगा कानातला हेडफोन काढत शेजारच्या खोलीतून आला. "आई, बाबा गेले. आता कशाला?"

"गेले म्हणून काय माझ्या ओळी बरोबर घेऊन गेले?"

तो परत गेला. मराठीसाठी गळा काढणाऱ्या बापाने त्याला कॉन्व्हेंटात घातलेलं. त्याचं मराठी वाचन दुकानाच्या पाटीपुरतं. वाचायला दुसरं कुणी बोलवावं, तर लॉकडाऊनमुळे घरात यायला बंदी.

"शुक्रवारी सबमिशन आहे," नात म्हणाली. "आजोबांचंच नाव ठेवते ना. सिंपल."

मी चष्मा काढला, अंक मिटला. अजून सहा बाकी होते.

"आजी? नेक्स्ट?"

"ज्याचं नाव घालतेस, त्याच्याकडून वाचून घे."