फुटबॉलवाल्याचा फ्लेक्स

त्या दुपारी आम्ही नवरा-बायको अंगणात जुना फ्लेक्स अंथरून भुईमुगाच्या शेंगा फोडीत होतो. तांब्याला टेकवून मोबाइल ठेवलेला आणि त्यात आमच्या पोराचा सामना चालू. पोरगा फुटबॉल खेळतो. गोव्याच्या एका संघात, पगारावर. हे मला दर लग्नात नव्यानं सांगावं लागतं. तरी कोणीतरी विचारतोच, "ते बराबर हाये, पण कामधंदा काय करतो?"

पोरगा मागं राहून समोरच्याचा गोल अडवतो. अशा माणसाचं नाव चुकला तरच निघतं. लाइट चालू असल्यावर वायरमनला कोण विचारतंय? आमच्या गावात टेनिस बॉलवर छक्के मारणाऱ्याची बँड लावून मिरवणूक निघते. पोलीस भरतीत लागलेल्याचा फ्लेक्स तर फाटेपर्यंत चौकात असतो.

आमच्याही पोराचा लागला होता, संघात घेतल्यावर. सरपंचानं हौसेनं बदनापूरहून करून आणला. तोंड पोराचं, पण हातात बॅट! फ्लेक्सवाल्याकडं खेळाडूचं तयार अंग तेवढंच होतं, त्यानं त्याच्यावर आमच्या पोराचं मुंडकं चिकटवलं. चौकात कोणाला काही वाटलं न्हाई. "खेळाडूच हाये ना, काकू," म्हणले. बायकोनं पदर खोचला, चहावाल्याच्या बाकड्यावर चढली अन् फ्लेक्स उतरवून घरी आणला. "माझ्या लेकानं जन्मात बॅट धरली न्हाई!" मंग त्याच्यावर मिरच्या वाळल्या, शेंगा फुटल्या. पण अंथरताना छापील बाजू ती खाली घालायची. लेकाच्या तोंडावर बसायचं न्हाई.

"अहो, दिवाळीला नवा लावू," त्या दुपारी ती म्हणली. "बॉलचा."

"कोण बघतंय?"

"मी बघंन. तुमी नका बघू."

तेवढ्यात पोरानं गोलात चाललेला बॉल डोक्यानं बाहेर काढला. मोबाइलमधल्या बोलणाऱ्यानं त्याचं नाव घेतलं. हिनं ओंजळीतल्या शेंगा उधळल्या अन् वर मलाच म्हणली, "वेचा आता. मी चहा ठेवते."

मी शेंगा वेचून राह्यलो होतो, तर आत पातेलं पडल्याचा आवाज झाला. गेलो. ती गॅसपाशी आडवी. डॉक्टर आला, हृदय बंद पडलं म्हणला. चहाचं पाणीसुद्धा तापलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरगा विमानानं आला, माती झाली. संध्याकाळी सरपंच म्हणले, "काकूचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स चौकात लावू. फोटो द्या." मी म्हणलो, माझा मी करून आणतो.

सकाळी पहिल्या जीपनं बदनापूर गाठलं. धड फोटो एकच होता. पोराचा सामना पाहायला गेल्तो तेव्हाचा. ती मैदानाच्या कडेला उभी, घागर धरावी तसा बॉल कमरेवर. फ्लेक्सवाला तोच जुना.

"बाबा, श्रद्धांजलीला बॉल बरा दिसणार न्हाई. कापतो अन् मागं ढग टाकतो."

"ढग टाक, चांदण्या टाक. बॉलला हात लावू नको."

"लोक विचारतील, बाबा."

"विचारू दे. तेच पाहिजे तिला."

त्यानं छापायला घेतलं. मी स्टूल ओढून मशीनला चिकटून बसलो. तो बॅट कधी घुसवील, भरोसा न्हाई.