ताईच्या वतीने दिलेलं उत्तर

हे लिहिण्याचा मला काय अधिकार, असं कुणीही विचारावं. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चित्रपटांची समजही बेताचीच. तरी माफी मागून लिहितो, कारण हे तोंडाने सांगणं मला आजवर जमलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या फिल्म क्लबने एका कादंबरीवरून काढलेला परदेशी चित्रपट दाखवला. एका तरुण मुलीला घरचे जबरदस्तीने कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे नन्सच्या मठात, घालतात. व्रत घेण्याच्या दिवशी धर्मगुरू तिला विचारतात, तू स्वखुशीने आलीस ना? ती गप्प राहते. तिने उत्तर देण्याआधीच मी उठून बाहेर आलो. पुढे काय झालं ते मला अजून माहीत नाही. नंतर व्हरांड्यात वर्गातला एक मुलगा म्हणाला, "फार मनाला लावून घेतलंस रे. आपल्याकडे कुठे असतात असले प्रकार?"

मी तान्हा असताना फार आजारी होतो. पोरगा वाचला तर मुलगी मठाला देईन, असं वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, आमच्या पंथाच्या महंतांना बोलून बसले. मी वाचलो. ताई अठराची झाल्यावर तिची दीक्षा ठरली. मी तेव्हा नववीत होतो.

दीक्षेआधी महंत सगळ्यांसमोर मुलीची इच्छा विचारतात, अशी रीत आहे. आदल्या संध्याकाळी ताई गोठ्यात मला म्हणाली, "मला नाय जायचं. पण दादांम्होरं माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाय. मी गप बसंन, तवा तू सांग."

दुसऱ्या दिवशी महंतांनी विचारलं. ताई गप्प बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मांडवातले सगळेच मग माझ्याकडे बघू लागले. वडीलही.

मी म्हणालो, "लाजतीय ती."

लोक हसले. महंतांनीही हसून मान डोलावली. लग्नाच्या बैठकीत मुलगी गप्प राहिली की होकार धरतात, तसंच झालं.

त्यानंतर रीतीप्रमाणे आईसुद्धा तिच्या पाया पडायची. मी दोनदा भेटायला गेलो, तेव्हा तिला 'आपण' म्हणालो. ती मठातल्या गाईंबद्दल बोलली. त्या दिवसाबद्दल तिनेही काही विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. शेवटच्या भेटीला तीन वर्षं झाली.

चित्रपटानंतर आठवडाभर मला तिची नजर दिसत राहिली. विश्रांतवाडीच्या खोलीवर, बसमध्ये, लेक्चरला. शेवटी मी मठाच्या पत्त्यावर तिला पत्र लिहिलं: ताई, त्या दिवशी मी खोटं बोललो. तुला यायचं असेल तर मी न्यायला येतो.

उत्तर आलं नाही. महिन्याभराने, मी स्वारगेटला बसची वाट बघत असताना, आईचा फोन आला. मठाने माझं पत्र न फोडताच घरी पाठवलं होतं. आई बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "ती तिथं नाय रे. दीड वर्सं झालं, निघून गेलीय. नवस मोडला, आता आपल्या जिवाला काय हुईल म्हणून तू भ्याशील, तवा तुला सांगू दिलं नाय ह्यांनी."

कुठे गेली, ते मठालाही माहीत नव्हतं. वडील शोधायला गेले नव्हते.