न शेकलेलं डफडं

खैरझरीच्या नाकेदाराचं नाव उकंडा. आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून माय रुखमाबाईने याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं. नजर लागू नये म्हणून नावही तेच ठेवलं. पुढे हे नाव सरकारी कागदावर जाईल आणि उकंडा खाकी कपड्यांवर पितळी बिल्ला लावून जंगल राखेल, हे तिच्या ध्यानीमनी असतं, तर तिने जरा बरं नाव शोधलं असतं.

नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा सगळ्यात खालचा माणूस. त्याच्या खाली फक्त जंगल. उकंडाची कामं दोन. चोरून सागवान तोडणाऱ्यांना धरायचं, आणि उन्हाळ्यात वणवा विझवायचा. पहिल्या कामामुळे गाव त्याच्यावर फुगलेलं असे, आणि दुसऱ्या कामाला त्याच गावाचे हात लागत. ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात का घातली, ते खात्यालाच ठाऊक.

नोकरी अजून हंगामी होती. राळेगावचे रेंजर साहेब सायकलवरून येत, सागाच्या नव्या रोपवनाभोवती फिरत आणि जाताना एकच गोष्ट सांगत. यंदा रोपवन वाचलं तर तुला कायम करतो, जळलं तर तू घरी. साहेब स्वभावाने वाईट नव्हते, पण ते रोपवन त्यांनी स्वतः उभं राहून लावून घेतलं होतं.

उकंडाचा बाप श्रावण गावचं डफडं वाजवी. कोणाचं लग्न असो, मयत असो, पटवारी आलेला असो की ढोर हरवलेलं असो, श्रावणने डफडं वाजवायचं, मग गाव जमायचं. वाजवण्याआधी ते जाळावर शेकावं लागे, नाहीतर चामडं ताठ होत नसे. छपन्नच्या दसऱ्याला बापलेक नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. आल्यावर श्रावणने डफडं नेऊन देवराव पाटलांच्या ओसरीत खुंटीला अडकवलं आणि म्हणाला, "हे गावाचं व्हतं, आता गावानं सांभाळा." पाटलांना वाटलं, महिन्याभरात राग उतरेल. तो राग नव्हताच, त्यामुळे उतरला नाही.

पुढे श्रावण वारला. तेव्हा रुखमाबाई पोराला म्हणाली, "आपल्या घरच्या हातानं थे डफडं पुन्हा वाजाचं नाई. तुह्या बापाचा शबुद हाय." उकंडा म्हणाला, "नाई वाजनार, माय." तेवढ्यावर विषय संपला. डफडं मात्र पाटलांच्या खुंटीवर धूळ खात राहिलं.

एकसष्ट सालच्या फाल्गुनात, भर दुपारी वणवा लागला. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायचा, ही तिकडची रीतच. त्या दिवशी कोणाचा तरी पाला जरा जास्तच जळला. पण फाल्गुनात धूर रोजचाच. धूर दिसला नसता तरच लोकांना चुकल्यासारखं वाटलं असतं, म्हणून दिसल्यावर कोणी उठलं नाही.

उकंडा धापा टाकत गावात आला आणि चावडीपुढे उभा राहून त्याने खात्याची नवी शिट्टी जोरात फुंकली. जंगलातून सरपण आणि गवत नेणाऱ्याने वणवा विझवायला आलंच पाहिजे, असा कायदा होता. तो उकंडाने मागेच सगळ्यांना वाचून दाखवला होता, आणि लोकांना तो पटलाही होता. त्याचा शिट्टीशी काही संबंध आहे, एवढंच कोणाला माहीत नव्हतं. शाळेतली पोरं कवायत समजून बाहेर येऊन रांगेत उभी राहिली. बाकी कोणी आलं नाही. हाक घालणारा नवा कोतवाल बाजाराला गेलेला.

शिट्टी ऐकून देवराव पाटील चावडीसमोरच्या आपल्या ओसरीत आले. त्यांचा गोठा गावाच्या टोकाला, जंगलाला लागून होता, आणि वारा नेमका तिकडेच वळला होता. त्या गोठ्याच्या सागाच्या बल्ल्या उकंडानेच एकदा बैलगाडीसकट पकडल्या होत्या आणि दंड भरल्यावर सोडल्या होत्या. पण ही वेळ ते उकरायची नव्हती.

"उकंड्या, शिट्टीनं कोन येते बे? डफडं घे."

"मी नाई वाजवत, पाटील."

"काहून? इसरला का?"

"इसरलो नाई. वाजवत नाई."

"रोपवन जयलं तं तुही नौकरी जाईन!"

"जाईन तं जाऊ द्या."

हे म्हणायला तेवढं तोंडाला सोपं होतं. रोपवन गेलं की बिल्ला गेला, आणि बिल्ला गेला की पुन्हा याच पाटलांच्या शेतात मजुरी. डफडं समोर लटकत होतं. हात लांब केला असता तर गाव गोळा झालं असतं, नोकरी राहिली असती, कोणी नावही ठेवलं नसतं. फक्त पलीकडच्या वस्तीत अंगणात बसलेल्या मायने ते ऐकलं असतं. त्याने हात मागे बांधले.

पाटलांनी धुराकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं, उकंडाच्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं. मग स्वतःच डफडं खुंटीवरून काढलं, धूळ झटकली आणि गळ्यात अडकवलं.

"कसं धरतेत बे हे?"

"मले नाई येत," उकंडा म्हणाला.

हे धादांत खोटं होतं. चामडं सैल पडलंय, आधी शेकायला हवं, हे त्याला लांबूनच दिसत होतं.

पाटलांनी बडवायला सुरुवात केली. भद्द. भद्द भद्द. भद्द. खैरझरीला लग्नाचं डफडं माहीत होतं, मयतीचं माहीत होतं, दवंडीचं माहीत होतं. हे कशाचं, ते कोणालाच उमजेना. म्हाताऱ्या बाजेवरून उठल्या, बायका चुलीवरचं टाकून आल्या, बापे शेतातून धावत आले. येऊन पाहतात तो साक्षात देवराव पाटील घामाघूम होऊन डफडं बडवताहेत. श्रावणच्या काळातही गाव इतक्या लवकर जमलं नव्हतं. त्या वेळी कोणी हसलं नाही. ते हसू लोकांनी पुढे वर्षभर पुरवलं.

"माह्याकडं काय पाहता? वनवा पाहा!" पाटील ओरडले. "अन् नाकेदार सांगन तसं करा!"

पुढचं काम उकंडाला येत होतं. त्याने पळसाच्या ओल्या डहाळ्या तोडायला लावल्या, रोपवनाच्या कडेचा पाला झाडून पट्टा मोकळा केला आणि त्या पट्ट्यावरून वणव्याला पुढे खायला काही उरू नये म्हणून त्याच्या तोंडावर उलटा जाळ सोडला. गावाने डहाळ्यांनी झोडपून झोडपून आग विझवली. कडेची थोडी रोपं करपली, बाकी रोपवन वाचलं. गोठाही वाचला. पण सगळा वेळ उकंडाच्या डोक्यात माय होती. तिने डफडं ऐकलं असणार. गावात ते वाजवणारं दुसरं घर नाही. नोकरीसाठी पोराने बापाचा शब्द मोडला, असंच तिला वाटलं असणार. उकंडाला आगीची भीती वाटली नव्हती, घरी जायची वाटत होती.

संध्याकाळी रेंजर साहेब धूर पाहून आले आणि त्यांनी रोपवनाला चक्कर मारली. लोक कोणी जमवले, असं विचारलं. उकंडा म्हणाला, "पाटलांनी." पाटलांच्या गळ्यात डफडं अजून तसंच होतं. साहेबांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. फक्त, तुला कायम करायचं लिहून पाठवतो, असं उकंडाला सांगून ते सायकलवर बसले.

एवढी मोठी बातमी घेऊन उकंडा घरी गेला आणि दारातच अडला. माय अंगणात मोहफुलं भरत होती. तिने मान वर केली नाही.

"माय, थे डफडं..."

"आयकलं."

"मी नाई व्हतो, माय. पाटील..."

"तू नोको सांगू मले," रुखमाबाई म्हणाली. "पयल्याच ठोक्याले समजलं. श्रावनचं पोरगं येवढं वंगाळ वाजवन का?"

उकंडा तिथेच उंबऱ्यावर बसला. त्याला रडू फुटलं आणि त्याने ते आवरलंही नाही. मायने त्याच्यापुढे पाण्याचा लोटा ठेवला आणि पुन्हा फुलं भरायला बसली.

"पाटलाले सांगजो," ती म्हणाली, "वाजवाच्या आंधी शेकून घेत जाय म्हना. येवढा तं जाळ व्हता."