आबांसाठी शॉकअप

गंगापूरच्या रस्त्याला आमची रोपांची नर्सरी आहे. पिकअप मी चालवते. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर जातो, त्यामुळे गिऱ्हाईक, बाजार, मातीची पोती हे सगळं माझ्याकडे आणि सासऱ्यांकडे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. मोसंबीची कलमं बांधावीत तर त्यांनीच. गिऱ्हाईकही त्यांच्याशी चार शब्द बोलल्याशिवाय रोप उचलत नाही.

दोन वर्षांपूर्वी पाचोडच्या बाजारात आबा पिकअपमधून उतरताना पडले. खुबा मोडला. ‘पाय घसरला,’ असं त्यांनी घरी सांगितलं, आणि मीही मान हलवली. त्या सकाळी आमची नेहमीची जागा दुसरा कुणी धरेल म्हणून मी हॉर्न वाजवत होते. ‘उतरा की लवकर, आबा!’ असं ओरडलेही होते. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी राहून गेलं, आणि मग रोज ते अवघडच होत गेलं.

ऑपरेशननंतर आबा काठी घेऊन चालू लागले, पण पिकअपच्या उंच पायरीवर पाय जाईना. मी एकटीच बाजाराला निघाले की ते फाटकापर्यंत यायचे आणि कडी लावून परत फिरायचे. मला ते बघवेना. मीच हट्ट धरला आणि एका गॅरेजात चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांची पानं कमी करून गाडी चार बोटं खाली घेतली. आता आबा आधी सीटवर टेकायचे, मग पाय आत घ्यायचे. पहिल्या दिवशी ते खुशीत होते. वाटेत दिसेल त्या शेतातलं पीक मला सांगत होते.

पण गाडी दणके द्यायला लागली. प्रत्येक स्पीड ब्रेकरला खालून खाडकन आवाज यायचा. आबा दारावरची मूठ घट्ट धरून बसायचे आणि बोलायचे बंद व्हायचे. एकदा दवाखान्यात तपासणीला जाताना खड्डा चुकवता आला नाही. मी वळून पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

“लई लागलं का, आबा?”

“नाय, धूळ गेली डोळ्यात,” ते म्हणाले. काचा बंद होत्या.

नवऱ्याने सुट्टीच्या दिवशी गाडी शहरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. मीही गेले. मिस्त्री खाली सरकले, टेप लावून मापं घेतली आणि तेलाने माखलेला हात पुसत बाहेर आले.

“गाडी नीचे ली, शॉकअप वहीच लंबा रखा. दबने को जगाच नै, तो झटका खाएगा कहाँ? आखूड शॉकअप लगेगा.”

त्यांनी दणका शोषणाऱ्या शॉकअपच्या दोन जोड्या समोर ठेवल्या. लांबीला दोन्ही आखूड, पण एक कडक आणि एक नरम.

“कडकच घ्या,” नवरा म्हणाला. “पोती असतात मागं. नरम टाकले तर गाडी डुलंल.”

“पोती कमी भरू. दोन फेऱ्या करीन मी,” मी म्हणाले.

“गाडी धंद्याची हाय का दवाखान्याची? त्यापेक्षा परत उंच करू. एक स्टूल ठेव गाडीत, त्यावरनं चढतील.”

“स्टुलावरून परत पडले तर?”

माझा आवाज इतका चढला की नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

मिस्त्रींनी मध्येच विचारलं, “बैठता कौन?”

“सासरे.”

“तो उनकोच लाओ. मैं उनके बिना कैसा बोलूँ?”

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची दुपारची पाळी होती. सकाळीच आम्ही आबांना घेऊन गेलो. आधी कडक जोडी बसवून एक फेरी मारली. खाडकन आवाज गेला होता, पण बारीकसारीक खडाही सीटपर्यंत पोचत होता. आबा म्हणाले, “चालतंय की.” मिस्त्रींनी दारावरची मूठ अजून घट्ट धरलेल्या त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि जोडी उतरवायला घेतली. आबांना त्यांनी बाकड्यावर बसवलं. नवरा मदतीला गाडीखाली शिरला. मी पलीकडच्या हॉटेलात चहा सांगायला गेले.

चहा घेऊन परतले, तेव्हा नट आवळता आवळता मिस्त्री विचारत होते, “गिरे कैसे, चाचा?”

“सूनबाईनं जरा घाई केली,” आबा सहज म्हणाले. “मी गडबडलो, पाय सुटला. घरात बोललो नाय. उगं तिला बोल लागला असता.”

मी त्यांच्या मागेच उभी होते. त्यांना मी दिसले नाही, आणि गाडीखाली लेक आहे हे बहुधा ध्यानात राहिलं नसावं. खालून पान्याचा आवाज थांबला. हातातल्या चहावर साय धरली तरी मी तशीच उभी.

नवरा बाहेर आला. कपडे झटकले, कप घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

नरम जोडी बसली. मिस्त्रींनी कोपरा दाबून सोडला, गाडी एकदाच वर आली आणि स्थिरावली. “बोजा कम रखना,” एवढंच ते म्हणाले. परतताना नवऱ्याने गाडी चालवली. स्पीड ब्रेकर आला तसा गेला. आबांनी मूठ सोडून हात मांडीवर ठेवले आणि कुणाची तरी कपाशी लाल पडल्याचं सांगू लागले.

नर्सरीत पोचल्यावर आबा रोपांकडे गेले.

“दोन वर्षं,” नवरा म्हणाला. “मला एकदा सांगता आलं नाय तुला?”

“भीती वाटली.”

“माझी?”

त्याने डबा घेतला आणि पाळीला गेला.

पुढे आठ-दहा दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मग हळूहळू पूर्वीसारखं बोलू लागला, पण तो विषय त्याने परत काढला नाही. मी मात्र एका संध्याकाळी आबांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, “आबा, चूक माझीच होती.”

ते कलमाला पट्टी गुंडाळत होते. “व्हय,” ते म्हणाले, आणि दुसरी पट्टी मागितली. मी दिली. त्या ‘व्हय’मध्ये राग होता की नव्हता, हे मला अजून कळलेलं नाही.