हळूबाईंनी गाडी विकली

त्यांचं खरं नाव परवान्यावर होतं. बाकी सगळे त्यांना हळूबाई म्हणायचे. अर्धं आयुष्य त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवलं आणि तेवढ्या काळात शेजारच्या सीटवरून मुख्यतः एकच शब्द उच्चारला. साधं ‘हळू’ म्हणजे हळू. लांबवलेलं ‘हळूऽऽ’ म्हणजे समोर ट्रक आहे. आणि अगदी शांतपणे म्हटलेलं ‘हळू’ म्हणजे आता तुम्ही काही करू नका, ब्रेक मी लावलाय.

गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा बाईंनी क्लास बंद केला आणि गाडी विकायची ठरवली. छोटी, पांढरी गाडी. तिच्यावरचा कुठला ओरखडा कुठल्या विद्यार्थ्याचा, हे बाईंना तोंडपाठ होतं.

धाकटी बहीण त्यांच्याजवळच राहायची. वाचनालयात कामाला होती आणि जगात वाईट माणूस असतो हे तिने फक्त पुस्तकात वाचलं होतं. जाहिरात तिनेच टाकली. तासाभरात एका गृहस्थाचा फोन आला.

“गाडी पसंत आहे, मॅडम.”

“बघितली कुठे?” बाईंनी विचारलं.

“फोटोवरून कळतं हो. मी सध्या परगावी आहे. माझा माणूस गाडी न्यायला येईल, पैसे मात्र आत्ताच पाठवतो. तुम्हाला एक लिंक येईल, त्यात तुमचा पिन टाका, की पैसे जमा.”

धाकटी चष्मा शोधायलाही लागली होती.

“पिन पैसे देताना लागतो,” बाई म्हणाल्या. “घेताना कशाला?”

“तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?”

“आपली ओळखच नाही, विश्वास कुठला आणायचा?” म्हणून बाईंनी फोन ठेवला.

“किती गोड बोलत होता गं, ताई.”

“न बघता गाडी आवडली म्हणजे त्याला गाडी नकोच होती.”

रविवारी सकाळी दोघे जण प्रत्यक्षच आले. एक कडक इस्त्रीच्या शर्टातला. दुसऱ्याची त्याने ‘आमचा मेकॅनिक’ अशी ओळख करून दिली. या मेकॅनिकची नखं अतिशय स्वच्छ होती, पण ते बाईंच्या नंतर लक्षात आलं. शर्टवाल्याने गाडीचे कागद मागितले, म्हणून बाई आत गेल्या. मेकॅनिकला तहान लागली होती, म्हणून धाकटी पाणी आणायला गेली. गाडीपाशी ते दोघेच उरले.

बाई कागद आणि किल्ली घेऊन आल्या. शर्टवाल्याने गाडी चालू केली आणि मागून निळसर धुराचा लोट निघाला. मेकॅनिकने बॉनेटवर हात ठेवून डॉक्टरसारखी मान हलवली.

“इंजिन बसलंय. भंगारातच जायची ही.”

शर्टवाल्याने हळहळत निम्मी किंमत सांगितली. “तीही तुमच्याकडे बघून. रोख देतो. इथे सही करा आणि मोकळ्या व्हा.”

बाईंनी गाडीकडे पाहिलं. या गाडीने घर चालवलं होतं, धाकटीचं शिक्षण केलं होतं. कालपर्यंत धडधाकट होती. पण धूर डोळ्यांना दिसत होता, तो खोटा कसा म्हणणार?

“देऊन टाक ताई,” धाकटी म्हणाली. “भले लोक आहेत, एवढं तरी देतायत.”

बाईंनी पेन हातात घेतलंही होतं. मग परत दिलं. “एकदा आमच्या फिटरला दाखवते. कोपऱ्यावरच आहे.”

“चला की, मीच चालवतो. तुम्ही आरामात बसा.”

“आरामातच बसते,” म्हणत बाई शेजारच्या सीटवर बसल्या. मेकॅनिक घरीच थांबला.

कोपरा आला. “उजवीकडे घ्या,” बाई म्हणाल्या. शर्टवाला सरळ निघाला. मोठ्या रस्त्यावर पळवून बघू म्हणे, आणि वेग वाढवला.

“हळू,” बाई म्हणाल्या.

त्याने ऐकलं नाही.

“हळूऽऽ.”

तो हसला.

“हळू,” बाई अगदी शांतपणे म्हणाल्या.

गाडी अशी थांबली की त्याचा गॉगल काचेवर जाऊन आपटला. त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, गाडी तसूभरही हलली नाही. त्याने खाली वाकून पाहिलं. बाईंच्या चपला त्यांच्या बाजूच्या क्लचवर आणि ब्रेकवर होत्या.

“हे काय आहे?”

“शिकवणीची गाडी आहे. जाहिरातीत लिहिलं होतं.” पण लोक फक्त किंमत वाचतात. बाईंनी हात लांबवून किल्ली काढून घेतली. “उतरा.”

त्याला नेमका तेव्हाच महत्त्वाचा फोन आला. मोबाइल कानाला लावून तो चालू लागला. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघितलं, हे बाईंनी नोंदवलं.

फिटरने सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून दाखवलं. “बाई, हे तेल आतून आलेलं नाही, बाहेरून ओतलंय. जळेपर्यंत धूर येणारच.” त्याने ते साफ केलं. गाडी नेहमीसारखी गुरगुरली. “इंजिन तुमच्यासारखंच आहे.”

“म्हणजे?”

“गुडघे सोडले तर ठणठणीत.”

घरी मेकॅनिक नव्हता. “घाईत गेला,” धाकटी म्हणाली. “पण पेला विसळून ठेवून गेला. सभ्य होता गं.”

बाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि किल्ली हातात फिरवत राहिल्या. त्या दोघांचा राग नव्हता. चोर चोरीच करणार. इतक्या वर्षांच्या गाडीपेक्षा आपण घडीभराच्या धुरावर विश्वास ठेवला, हे त्यांना लागलं. धाकटीने न विचारता त्यांचे हात हातात धरले आणि पहिल्यांदाच कुणाची बाजू घेतली नाही.

पुढच्या आठवड्यात एक नर्स आली. तिने आपला मेकॅनिक आणला. त्याची नखं काळी होती. बाई गाडीजवळून हलल्या नाहीत. नर्सने कागद दोनदा वाचले, इंजिनचा नंबर ताडून पाहिला, बाईंचं ओळखपत्र मागितलं. बाईंनी तिचं मागितलं. नर्सने पैसे पाठवल्याचा मेसेज दाखवला तेव्हा बाईंनी तिला बसवून ठेवलं आणि बँकेत जाऊन स्वतः खात्री केली. नर्स म्हणाली, “मीपण हेच केलं असतं.” मग दोघी मिळून परिवहन कार्यालयात गेल्या. गाडी नर्सच्या नावावर करायचे कागद दाखल झाले, पोच मिळाली आणि मगच किल्ली हातातून सुटली. दोघींनी एकमेकींवर अजिबात विश्वास ठेवला नाही, त्यामुळे व्यवहार फार छान झाला. निघताना नर्सने बाईंना जेवायला बोलावलं.

संध्याकाळी बाई घरी आल्या तर गाडीच्या रिकाम्या जागेत वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने आपली गाडी लावली होती. तिरकी. बाईंनी त्याला खाली बोलावलं आणि सरळ लावून होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.